खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं केसाळ शेवाळ: आठ महिने झाले, हटत नाही

मुलुंडचा_मासेवाला | १२ मे, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. वर्षभर नुसता वाचत होतो, आता अगदीच नाकी नऊ आले म्हणून धागा काढतोय.

टाकी चार फूट बाय दीड बाय दीड. खडक-वाळू वजा जाता सम्पसकट (खालच्या फिल्टरच्या टाकीसकट) पाणी साधारण २०० लिटर. दोन क्लाउनफिश, एक यलोटेल डॅमसेल, एक लॉनमोअर ब्लेनी. कोरल एकही नाही. खडक २२ किलो, टाकी मोडणाऱ्या एका माणसाकडून सेकंडहँड घेतलेला. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आहे, दोन वेव्हमेकर (पाणी ढवळणारे पंप) आहेत. दर आठवड्याला ४० लिटर पाणी बदलतो.

गेल्या गणपतीनंतर खडकावर हिरवी लव आली. दिवाळीपर्यंत तिचे केस झाले, आणि आता बोटभर लांबीची झुलपं आहेत. दर रविवारी पाणी बदलण्याची नळी एका हातात आणि जुना टूथब्रश दुसऱ्या हातात, असा दोन तास वाकून उभा असतो. बुधवारपर्यंत जैसे थे. बायको पाहुण्यांना सांगते, "आमच्याकडे गवत पाळलंय, मध्ये मध्ये मासे दिसतात."

गंमत अशी की टेस्ट किटवर नायट्रेट ५ येतं आणि फॉस्फेट चक्क शून्य. दुकानदाराने दोन बाटल्या औषध दिलं, त्याने पाणी दुधाळ झालं, शेवाळ मात्र मजेत. काय चुकतंय?

खाजणातला | १३ मे, सकाळी ७.१५

फॉस्फेट शून्य नाहीये. जे होतं ते शेवाळाने खाल्लं, आणि किट उरलेलं मोजतं. पंगत उठल्यावर रिकामं पातेलं बघून "स्वयंपाक झालाच नव्हता" म्हणण्यासारखं आहे हे. तुमच्या टाकीतलं फॉस्फेट त्या झुलपांत आहे, आणि ते रोज कुठून तरी येतंय म्हणून झुलपं वाढतायत.

चार गोष्टी सांगा. दिवे किती तास? खिडकीतलं ऊन पडतं का? पाणी कुठलं? खायला काय आणि किती?

शिवाय एक झुलूप उपटून पांढऱ्या बशीत पसरा आणि भिंगातून बघा. साधे, फांद्या नसलेले तंतू असतील तर आपलं नेहमीचं केसाळ शेवाळ. पिसासारखं किंवा नेच्याच्या पानासारखं दिसलं तर ब्रायोप्सिस. त्याचं प्रकरण वेगळं, ते उपासमारीला सहजासहजी दाद देत नाही.

चौपाटीचा_राजा | १३ मे, सकाळी ९.०२

एवढं मीठ विकत कशाला घेता? गिरगावला जाऊन चार कॅन भरून आणा की. समुद्राचे मासे, समुद्राचं पाणी!

खाजणातला | १३ मे, सकाळी ९.२०

आणा जरूर. सोबत शहराचं सांडपाणी फुकट मिळेल, शेवाळाला खत म्हणून. किनाऱ्याजवळचं पाणी टाकीत घालू नका हो, गंमत म्हणूनही नको. पावसाळ्यात तर खारेपणाही धड राहत नाही.

मुलुंडचा_मासेवाला | १३ मे, रात्री १०.०५

दिवे दहा तास. हॉलची खिडकी पश्चिमेची, चार ते सहा टाकीच्या एका कोपऱ्यावर ऊन येतं. खरंय, त्याच कोपऱ्यात सगळ्यात दाट आहे, हे आजवर लक्षातच आलं नव्हतं. खायला सकाळी पेलेट, संध्याकाळी फ्रोजन कोळंबीचा एक क्यूब. पाणी आरओचं, त्यामुळे तिथे प्रश्न नसावा.

भिंगातून पाहिलं. साधे तंतू. पिसं नाहीत.

मीठभाकर | १४ मे, दुपारी २.३०

"पाणी आरओचं, त्यामुळे प्रश्न नसावा" इथेच थांबले मी. कुठला आरओ? स्वयंपाकघरातला पिण्याचा?

घरगुती प्युरिफायरमध्ये बहुतेकदा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये) कंट्रोलर नावाची एक छोटी चावी असते. पाणी बेचव लागू नये म्हणून मेम्ब्रेनमधून न गेलेलं थोडं पाणी ती परत मिसळते. काहींत मिनरल कार्ट्रिज असतं, ते तर मुद्दाम क्षार घालतं. आपल्या पोटाला चांगलं, टाकीला नाही. टीडीएस मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो, आणा आणि बघा. मेम्ब्रेननंतर वेगळं डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) लावून शून्य यायला हवं.

मुंबईत आपण एका बाबतीत नशीबवान. तानसा, वैतरणा, भातसा या तलावांचं पाणी मुळात गोडं आणि हलकं, त्यामुळे रेझिन बरेच महिने टिकतं. पण मे महिन्यात पाणीकपातीत सोसायटी टँकर मागवते का? टँकर बोअरचा असेल तर सगळं गणित फिरतं. आपल्याकडे जमिनीखालचा खडक बेसॉल्टचा, बोअरच्या पाण्यात सिलिकेट भरपूर, आणि सिलिकेट म्हणजे डायटमची मेजवानी. काचेवर तपकिरी भुकटी बसते ना, ती.

मुलुंडचा_मासेवाला | १७ मे, रात्री ९.५०

मीठभाकर ताई, साष्टांग नमस्कार.

मीटर आणला. नळाचं पाणी ३८४. सोसायटीच्या वॉचमनला विचारलं, एप्रिलपासून दिवसाआड टँकर येतोय. आणि माझ्या लाडक्या आरओचं पाणी: ११०. मी तीनदा मीटर झटकून पाहिला.

मग बसून हिशोब केला. उन्हाळ्यात रोज तीन लिटर पाणी उडतं, ते मी आरओच्या पाण्याने भरतो. म्हणजे महिन्याला ९० लिटर. लिटरमागे ११० मिलिग्रॅम धरले तर जवळजवळ १० ग्रॅम, म्हणजे दोन चमचे कसलंतरी मिश्रण मी दर महिन्याला स्वतःच्या हाताने टाकीत ओतत होतो. पाणी उडून जातं, हे उडत नाही.

वेगळा आरओ-डीआय संच मागवला. टाकाऊ पाणी लादी पुसायला आणि फ्लशला जाईल, या अटीवर घरून मंजुरी मिळाली.

खाजणातला | १७ मे, रात्री १०.३०

छान झालं, पण एवढ्यावर केसाळ शेवाळ जाणार नाही. त्या दोन चमच्यांत बहुतेक कॅल्शियम वगैरे असणार. फॉस्फेटचा उगम दुसरीकडे आहे असं मला वाटतं. माझा संशय त्या सेकंडहँड खडकावर.

आणि मीठभाकर, नवशिक्यांसाठी एक पुरवणी: टीडीएस मीटर सिलिकेट नीट दाखवत नाही. रेझिन संपत आलं की सगळ्यात आधी तेच निसटतं, मीटर तेव्हाही एक-दोनच दाखवत असतो. त्यामुळे मीटर शून्यावरून हलला की रेझिन बदलायचं, दहाची वाट बघायची नाही.

मीठभाकर | १८ मे, सकाळी ११.१०

मान्य. पण खडकावर जाण्याआधी खाऊचं बोलू. कोरड्या खाद्यात साधारण १ टक्का फॉस्फरस असतो. एक ग्रॅम पेलेट म्हणजे १० मिलिग्रॅम फॉस्फरस, फॉस्फेटच्या भाषेत ३० मिलिग्रॅम. २०० लिटरमध्ये ते ०.१५ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) होतं. एका ग्रॅमात! चार छोट्या माशांना चिमटीची चिमटी पुरते. फ्रोजन क्यूब गाळणीत घेऊन धुता का? की वितळलेलं पाणीही आत?

आणि गेल्या गणपतीनंतर सुरू झालं म्हणालात. गणपतीत घरी होता का?

मुलुंडचा_मासेवाला | १८ मे, रात्री ११.००

क्यूब तसाच टाकतो. टाकत होतो.

गणपतीला आम्ही गावी, चिपळूणजवळ. किल्ली शेजारच्या काकूंकडे होती. आल्यावर पेलेटचा नवा डबा अर्धा झालेला. काकू म्हणाल्या, "अरे, काचेजवळ गेलं की तोंड उघडून बघतात रे, बघवेना. दिवसातून तीनदा घालत होते." त्यांना काय बोलणार? मासे टुणटुणीत होते.

डोंबिवली_फास्ट_लोकल | १९ मे, सकाळी ८.४०

😂 काकू सगळीकडे सारख्याच. आमच्याकडे आईने क्लाउनफिशला पोळीचा तुकडा घातला होता.

निळी_लाट | १९ मे, दुपारी १.१५

माझा साधा उपाय: मोठ्या टर्बो गोगलगायी आणि एक फॉक्सफेस मासा. महिन्यात टाकी साफ. एवढं रसायनशास्त्र कशाला?

खाजणातला | १९ मे, दुपारी ३.००

गोगलगायी बोटभर लांब शेवाळ खात नाहीत, आखूड खातात. आधी हाताने उपटायचं, मग त्यांना सोडायचं. नाहीतर त्या काचेवर फिरत बसतात आणि उपाशी मरतात. मेलेली एक मोठी गोगलगाय म्हणजे पुन्हा खतच.

फॉक्सफेस खातो, अगदी चवीने. पण मोठा होतो, चार फुटात कोंडल्यासारखा राहील. शिवाय त्याच्या पाठीचे काटे विषारी. टूथब्रश घेऊन हात घालणाऱ्या माणसाने विचार करावा.

आणि मासा शेवाळ खातो तेव्हा फॉस्फेट कुठे जातं? मागून बाहेर येतं, टाकीतच. हाताने उपटून बादलीत टाकलेलं शेवाळ तेवढं कायमचं बाहेर.

मासेवाले, आता एक प्रयोग करा. टाकीतला एक खडक काढा, ब्रशने स्वच्छ घासा. नवीन शून्य टीडीएसच्या पाण्यात मीठ कालवून १० लिटर बादलीत घ्या, त्यात तो ठेवा, छोटा पंप लावा आणि वरून झाकण. उजेड नको. आठ दिवसांनी फॉस्फेट मोजा. रंगाच्या किटने नको, कुणाकडून तरी हॅना कंपनीचा फॉस्फरसचा डिजिटल मीटर उसना घ्या. तो फॉस्फरस पीपीबीमध्ये दाखवतो. त्याला ३.०६६ ने गुणून हजाराने भागलं की फॉस्फेट पीपीएममध्ये.

मुलुंडचा_मासेवाला | २९ मे, रात्री १०.२०

मीटर ऑफिसातल्या एकाकडून मिळाला. (तोही या नादातला निघाला. तीन वर्षं शेजारच्या टेबलावर बसतो, कधी बोलला नाही!)

आधी टाकीचं पाणी: ६५ पीपीबी. म्हणजे ०.२० पीपीएम. माझं रंगाचं किट ज्याला शून्य म्हणत होतं ते हे.

बादलीत पहिल्या दिवशी ०.००. आज आठव्या दिवशी १३७. गुणाकार केला: ०.४२. एका तीन किलोच्या खडकातून. बाथरूममध्ये बादलीसमोर पाटावर बसून मी ती आकडेमोड मोबाइलवर दोनदा केली. तेवढ्यात मुलगा दारात येऊन म्हणाला, "बाबा, दगडाला अभ्यास करायला लावलाय का?"

खाजणातला | २९ मे, रात्री १०.४५

आता बसलं. हा खडक म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, फॉस्फेट त्याच्या अंगाला चिकटतं. आधीच्या मालकाच्या टाकीत वर्षानुवर्षं चिकटलं असेल, वर काकूंचा अर्धा डबा. पाण्यात फॉस्फेट जास्त असलं की खडक ओढून घेतो, कमी झालं की सोडतो. त्यामुळे तुम्ही रविवारी ४० लिटर बदलता आणि बुधवारपर्यंत खडक भरपाई करून देतो. ओला पंचा पिळत राहण्यासारखं आहे. पिळून होईल, पण वेळ लागेल. सहा महिने धरा.

रोडपालीचा_रसायन | ३० मे, सकाळी ७.५०

सहा महिने कशाला? खडक बाहेर काढा, बाल्कनीत ॲसिडमध्ये बुडवा. वरचा थर विरघळला की फॉस्फेट गेलं.

मीठभाकर | ३० मे, सकाळी १०.००

आणि खडकातले सगळे जिवाणूही गेले. मग अमोनिया कोण पचवणार, बाल्कनी? शिवाय फ्लॅटमध्ये लहान मूल आहे. कृपया असले सल्ले देताना विचार करा.

ठिकठिकाणचं मोजकं शेवाळ मारायचं असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइड आहे. खडक बाहेर काढून थेंब थेंब टाका, दोन मिनिटांनी खाऱ्या पाण्यात खंगाळून परत ठेवा. एक लक्षात घ्या: परदेशी लेखांत ३ टक्क्यांचं म्हणतात, आपल्या केमिस्टकडे मिळतं ते सहसा ६ टक्क्यांचं असतं. बाटलीवर वाचा आणि तेवढंच पाणी घालून निम्म्यावर आणा. हातमोजे घाला. कोळंबी पाळत असाल तर जास्तच जपून.

मुलुंडचा_मासेवाला | ३१ मे, रात्री ९.१५

ठरवलं ते असं: दिवे सात तास. खिडकीला जाड पडदा. क्यूब गाळणीत धुऊन. आठवड्याला हाताने उपटणं. सम्पमध्ये चीटो (मुद्दाम वाढवायचं, गुंतवळीसारखं शेवाळ) लावतोय, रात्रीच्या दिव्यावर. आणि फॉस्फेट शोषायला जीएफओ, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचे दाणे.

खाजणातला | ३१ मे, रात्री ९.४०

चीटो उत्तम. शेवाळच वाढणार असेल तर आपण सांगू त्या खोलीत वाढू दे, मुठी मुठीने काढून फेकता येतं. जीएफओ मात्र पाकिटावरच्या मापाच्या निम्म्याने सुरू करा. हळू.

मुलुंडचा_मासेवाला | ४ जुलै, रात्री ११.३०

हळू केलं नाही. कबूल करतो. पहिल्या आठवड्यात फरक दिसेना म्हणून जीएफओ दुप्पट केलं.

पंधरा दिवसांत केस पांढरे पडून गळाले. मी जिंकलो म्हणून टाकीचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. पुढच्या आठवड्यात वाळूवर आणि खडकावर तपकिरी, शेंबडासारखे धागे, त्यांच्या टोकाला हवेचे बुडबुडे. दुपारी भरपूर, पहाटे बघावं तर जवळपास गायब. मध्ये आणलेल्या सहापैकी चार गोगलगायी मेल्या. फॉस्फेट ०.००, नायट्रेट ०. या वेळी खरंच शून्य.

मीठभाकर | ५ जुलै, सकाळी ८.०५

अरेरे. डायनो. डायनोफ्लॅजेलेट्स, म्हणजे एकपेशी सूक्ष्मजीव.

खात्री करून घ्या. थोडा शेंबूड छोट्या बाटलीत पाण्यासकट घ्या, जोरात हलवा, कॉफीच्या फिल्टर कागदातून गाळा. खाली आलेलं स्वच्छ पाणी तासभर दिव्याखाली ठेवा. पुन्हा धागे जमले तर डायनोच. जमेल तर मायक्रोस्कोपही बघा, कारण जातीप्रमाणे उपाय बदलतो.

मुलुंडचा_मासेवाला | ७ जुलै, रात्री १०.१०

चाळीस मिनिटांत जमले. स्वच्छ पाण्यात आधी धुकं, मग एक तपकिरी तार, मग तिला बुडबुडा. अंगावर काटा आला.

मेहुणी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. तिने ४०० पटीवर पाहून व्हिडिओ पाठवला: थेंबासारख्या आकाराच्या पेशी, टोकाशी जणू दोरीने बांधल्यासारख्या जागच्या जागी गरगर फिरतायत. तिच्या मते ऑस्ट्रिऑप्सिस. ती खूश आहे, म्हणते, "भाऊजी, अजून नमुने द्या, पोरांना दाखवते."

खाजणातला | ७ जुलै, रात्री १०.३५

वाईटातलं चांगलं. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात सुटतं, म्हणून पहाटे दिसत नव्हतं. म्हणजे यूव्ही दिवा (टाकीचं पाणी त्याच्यासमोरून फिरवायचं) लागू पडेल. वाळूतच बसून राहणारी जात असती तर यूव्हीचा काही उपयोग नव्हता.

गोगलगायी त्याच्या विषाने गेल्या. उरलेल्या दोन दुसरीकडे हलवा. विष शोषायला स्किमरच्या जोडीला कार्बन (सक्रिय कोळसा) लावा.

आता जीएफओ बंद. पाणी बदलणंही सध्या बंद. इतर शेवाळांना, जिवाणूंना खायला काही उरलं नाही म्हणून हे माजलंय. तीन दिवस टाकी पूर्ण अंधारात, चादरीने गुंडाळून, यूव्ही चालू. मग नायट्रेट थोडं थोडं घालून ५ वर आणा.

आणि फॉस्फेट? ते विकत आणू नका. तुमच्याकडे २२ किलो आहे.

मुलुंडचा_मासेवाला | २ ऑगस्ट, रात्री ९.००

खाजणातले, तुमचं ते शेवटचं वाक्य वाचून मी बराच वेळ हसत होतो. ज्या दगडांना आठ महिने शिव्या घातल्या त्यांनीच वाचवलं. जीएफओ काढल्यावर तीन आठवड्यांत फॉस्फेट आपोआप ०.०७ वर आलं. नायट्रेट ४. शेंबूड ऐंशी टक्के गेला. खडकावर परत हिरवी लव आहे, पण आखूड, आणि यावेळी मला ती बघून चक्क बरं वाटलं. नवीन आणलेल्या दोन गोगलगायी धरून चार आहेत, त्या तिच्यावर आडव्या-उभ्या वाटा पाडत फिरतात.

चीटो दर पंधरवड्याला मूठभर काढतो. वाळवून कुंडीत घालायचं म्हणत होतो, मिठाने तुळस जाईल म्हणून आईने हाणून पाडलं.

एक्वा_नवखा | ३ ऑगस्ट, सकाळी ११.२५

सगळा धागा वाचला, फार उपयोगी. माझ्याकडे खडकावर हिरवे काचेच्या मण्यांसारखे गोल फुगे आलेत. तेही असंच का? आणि पुढे कुर्ल्याच्या मार्केटातून कोरल घ्यावं म्हणतोय.

मीठभाकर | ३ ऑगस्ट, दुपारी १२.४०

ते बबल अल्गी, व्हॅलोनिया. गंमत म्हणजे तो अख्खा फुगा म्हणजे एकच पेशी असते. टाकीत फोडू नका, खडक बाहेर काढून बुडासकट खरवडा. एमराल्ड क्रॅब खातो म्हणतात, माझ्याकडच्याने कधी तोंड लावलं नाही.

कोरलबद्दल: प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. समुद्रघोडेही. दुकानदार काहीही सांगो. त्यापेक्षा हॅचरीत वाढवलेले क्लाउनफिश घ्या. आपल्या केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने ते तंत्र केव्हाच बसवलंय, समुद्रातून ओढून आणलेल्यांपेक्षा ते कितीतरी चिवट.

मुलुंडचा_मासेवाला | २० सप्टेंबर, रात्री १०.५०

गणपतीहून आलो. दहा दिवस नव्हतो.

जाताना औषधांच्या गोळ्या ठेवतात तशी दहा छोटी पाकिटं केली होती. प्रत्येकात चिमूटभर पेलेट, वर स्केचपेनने वार लिहिलेला. डबा कपाटात कुलपात. काकूंना म्हटलं, रोज एकच, कितीही तोंड उघडलं तरी.

आल्या आल्या मीटर काढला. फॉस्फेट ०.०८. खडक जसा सोडून गेलो तसाच. ओट्यावर एक पाकीट मात्र न फोडलेलं, त्यावर माझ्या अक्षराखाली काकूंचं अक्षर: "एकादशी होती."

खाजणातला | २० सप्टेंबर, रात्री ११.०५

काकूंचा इथे आयडी काढून द्या.